आजारी ॲक्सोलॉटल: औषधाआधी पाणी

कल्ल्यांवर कापसासारखं पांढरं दिसलं, दोन दिवस गांडुळाला तोंड लावलं नाही, शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं, की बहुतेक जण तडक माशांच्या दुकानात जातात आणि निळी नाहीतर पिवळी बाटली घेऊन येतात. बाटली टँकमध्ये रिकामी होते. औषधाने फिल्टरमधले अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मरतात, अमोनिया चढतो आणि मूळ दुखण्यातून कदाचित उठला असता तो प्राणी या अमोनियाने जातो. ॲक्सोलॉटलच्या दहातल्या बहुतेक तक्रारी पाण्याच्या नाहीतर उष्णतेच्या असतात. बुरशी, जंतू, फुगलेलं पोट ही पुढची पायरी. म्हणून पाणी आणि तापमान आधी, औषध शेवटी. हा क्रम उलटा करू नका, एवढंच कळकळीने सांगणं आहे.

हा मासा नाही. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या गार कालव्यांतला सॅलमँडर, म्हणजे शेपटीवाला उभयचर आहे, जो जन्मभर बेडूकमाशाच्या अवस्थेतच राहतो. त्याला खवले नाहीत. पाण्यात जे विरघळलेलं असेल ते कातडीतून थेट आत जातं. माशाला चालणारा डोस याला भारी पडतो तो यामुळेच.

पहिला तास

आधी थर्मामीटर बघा. १६ ते १८ अंश उत्तम, २० पर्यंत चालतं. २२ च्या वर गेलं की त्याची प्रतिकारशक्ती ढासळायला लागते आणि बुरशीला मात्र बळ येतं. २४ च्या वर अनेक दिवस राहिलं तर दुसरं कारण शोधायची गरजच नाही.

मग अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजा. थेंबांचं किट घ्या. कागदी पट्ट्यांत बहुधा अमोनिया नसतोच, आणि नेमका तोच हवा असतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या आसपास आणि ४० च्या खाली, पीएच साडेसहा ते आठच्या मध्ये, जीएच (पाण्याचा जडपणा) ७ ते १४. नळीचा रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर धरून वाचा. रात्री पिवळ्या बल्बखाली ०.२५ आणि ०.५ मधला फरक कळत नाही.

त्यानंतर प्राण्याकडे नीट बघा. कल्ले पुढे वळलेत? बहुतेक वेळा फिल्टरचा प्रवाह जोरात असतो. कल्ल्यांची झालर झडून नुसत्या दांड्या राहिल्यात, अंग लालसर झालंय? अमोनियाने भाजलंय. नुसताच फिका पडलाय, कल्लेही पांढुरके झालेत? ताण किंवा रक्त कमी. कल्ल्यांचा लाल रंग मात्र हालचालीनुसार कमीजास्त होत असतो, निवांत बसलेल्याचे कल्ले फिके दिसतात. एकदा बघून घाबरू नका, तासाभराने पुन्हा बघा.

रोज एकाच जागेवरून, एकाच उजेडात एक फोटो काढा. वहीत तारीख, तापमान, अमोनिया, खाल्लं का, शी केली का, एवढं लिहा. डॉक्टरकडे जायची वेळ आलीच तर ही वही तपासणीचं निम्मं काम करते.

टब

आजाऱ्याला टँकमधून काढून रोज शंभर टक्के पाणी बदललेल्या टबात ठेवणं हा निम्मा उपचार आहे. दोन सारखे टब घ्या, अन्न ठेवायच्या प्लॅस्टिकचे, ८ ते १० लिटरचे, साबण कधीही न लागलेले. वीस-पंचवीस सेंटीमीटरचा प्राणी आरामात वळला पाहिजे. एका टबात तो, दुसऱ्यात उद्याचं पाणी क्लोरीन काढून, त्याच खोलीत, त्याच तापमानाला. दर २४ तासांनी अदलाबदल. पिल्लू असेल तर दिवसातून दोनदा, कारण ते रोज खातं आणि पाणी लवकर बिघडवतं. फिल्टर लागत नाही, हीटर तर अजिबात नाही. झाकणाला भोकं पाडा आणि झाकण लावाच, हा उडी मारतो. वरून गडद कापड घाला. याला पापण्या नाहीत, उजेड टाळायचा त्याच्यापाशी दुसरा उपाय नाही.

उचलताना साधी जाळी नको. बोटं आणि कल्ले तिच्या भोकांत अडकून फाटतात. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात बुडवून, त्याला हळूच त्यात येऊ देऊन, पाण्यासकट हलवा. हात लावायचाच असेल तर आधी नुसत्या पाण्याने धुवा. तंबाखू मळलेला हात, शेतात फवारणी करून आलेला हात, मच्छरांचं मलम लावलेला हात पाण्यात घालू नका. निपाणी भागात तर तंबाखू घरोघर असतो आणि निकोटिन कातडीतून सहज आत जातं.

आपलं पाणी

इंटरनेटवरचे सल्ले एकाच प्रकारचं नळाचं पाणी धरून लिहिलेले असतात. आपल्या बेळगाव जिल्ह्यात ते धरून चालत नाही. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेची जांभ्याची जमीन, तिथल्या विहिरीचं पाणी मऊ असतं. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या काळ्या जमिनीतलं बोअरचं पाणी बहुधा जड. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, ते धरणाचं. तिन्हींची दुखणी वेगळी आणि उपायही वेगळे.

मऊ पाण्यात क्षार नसल्याने ॲक्सोलॉटलला शरीरातलं मीठ टिकवायला जास्त कष्ट पडतात. शिवाय केएच (पीएच स्थिर ठेवणारे पाण्यातले क्षार) कमी असेल तर फिल्टरमधले जिवाणू काम करता करता उरलासुरला केएच खाऊन टाकतात, पीएच एकदम कोसळतो आणि जिवाणू काम थांबवतात. मग अमोनिया अचानक वर जातो आणि माणसाला वाटतं की काल तर सगळं ठीक होतं. उपाय स्वस्त आहे. समुद्राचे शिंपले, गोव्याकडून आणलेले, उकळून धुऊन फोडा, मूठभर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ ठेवा. हळूहळू विरघळून जीएच-केएच वर येतो. एकदम नको, म्हणून मूठभरच, आणि दर आठवड्याला मोजा.

जड पाणी ॲक्सोलॉटलला मानवतं. त्याचा धोका निराळा आहे, पीएच. अमोनियाचा विषारी भाग पीएच एक अंकाने वाढला की साधारण दहापट होतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्का विषारी, पीएच ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे किटवर तोच ०.५ आकडा खानापूरला सांभाळून घेता येईल आणि चिकोडीला त्याच रात्री टब करावा लागेल. उसाच्या पट्ट्यातल्या बोअरचं पाणी टँकमध्ये घालण्याआधी एकदा नायट्रेटसाठी तपासा. खताचं नायट्रेट झिरपून आधीच पाण्यात असेल तर कितीही पाणी बदललं तरी आकडा उतरत नाही आणि दोष उगाच फिल्टरला लागतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन. शहरात काही भागांत चोवीस तास पाणी आहे, बाकीच्या भागांत काही दिवसांआड येतं आणि संपात, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत साठतं. संपात दोन-तीन दिवस राहिलेल्या पाण्यातलं मोकळं क्लोरीन बरंचसं उडालेलं असतं. चोवीस तासवाल्यांच्या नळातून मात्र ताजं क्लोरीन येतं. दोघांनीही क्लोरीन काढायचं औषध घालावंच. सीकेम प्राइमचा डोस २०० लिटरला ५ मिली, म्हणजे १० लिटरच्या टबाला पाच थेंब. दुकानातली साधी अँटी-क्लोरीनची बाटलीही चालते, फक्त तिच्यात कोरफड किंवा आयोडीन नाही ना, हे लेबलवर वाचा. माशांच्या अंगावरचा थर वाढवायला म्हणून कोरफड घातलेली असते, ॲक्सोलॉटलला ती नको.

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी ३० च्या वर असतं. टबाचं पाणी पहाटे भरून ठेवा.

पावसाळ्यात खेड्यातल्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात. त्या आठवड्यात विहिरीचं पाणी नळाच्या पाण्यासारखंच धरा. गढूळ पाण्याला तुरटी फिरवायची सवय आपल्याकडे घरोघर आहे. माणसाला ठीक, पण तुरटीने पीएच उतरतो आणि ॲल्युमिनियम पाण्यात राहतं. या प्राण्यासाठी तुरटीचं पाणी वापरू नका, गढूळ पाणी रात्रभर निवळू द्या आणि वरचं घ्या. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तांब्याची घागर, तांब्याचा हंडा, तांब्याच्या नळीच्या गिझरचं पाणी, यातलं काहीही टबाला लावू नका. तांबं उभयचरांना विष आहे. आपल्याला ते पाणी आरोग्याचं वाटतं म्हणून आजाऱ्याला मुद्दाम चांगलं म्हणून दिलं जातं, आणि तो तडफडतो.

आरओचं पाणीही एकट्याने नको, त्यात क्षार उरलेलेच नसतात. बोअरचं फारच जड असेल तर त्यात मिसळायला ते उपयोगी पडतं.

पाणी गार करणं

बेळगाव महाराष्ट्राच्या पठारी गावांच्या मानाने गार, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत टँक बहुधा आपोआप जागेवर येतो. घोटाळा मार्च ते मेमध्ये होतो. पारा ३५ च्या पुढे जातो, फरशीवरचा टँकही २७-२८ ला पोचतो आणि तक्रारी सुरू होतात.

सगळ्यांत आधी पंखा. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा घालणारा छोटा पंखा बाष्पीभवनाने २ ते ४ अंश उतरवतो. एप्रिलच्या कोरड्या दुपारी तो मस्त काम करतो. जुलैत हवा ओली असल्याने जवळजवळ काहीच करत नाही, पण तेव्हा खोलीच गार असते. पंखा लावला की पाणी रोज आटतं, ते भरून काढताना आरओचं किंवा मऊ पाणी घाला, नाहीतर मागे राहिलेले क्षार वाढत जातात.

आजाऱ्याचा टब गार ठेवायला थर्मोकोलच्या पेटीइतकं सोपं आणि स्वस्त काही नाही. मासळीवाल्याकडे किंवा औषधांच्या होलसेल दुकानात मिळते. मासळीची असेल तर नुसत्या गरम पाण्याने चार वेळा धुवा. टब पेटीत, टबाच्या बाजूने बर्फाच्या बाटल्या, वर झाकण थोडं उघडं.

बाटली थेट पाण्यात घालायची असेल तर हिशोब करूनच. अर्धा लिटरची गोठलेली बाटली २० लिटर पाणी साधारण २ ते अडीच अंशांनी उतरवते, ते बरोबर आहे. तीच बाटली ५ लिटरच्या टबात टाकली तर पाणी आठ अंशांपेक्षाही जास्त उतरू शकतं. तो धक्का बुरशीपेक्षा वाईट. पाच लिटरला १०० मिलीची छोटी बाटली पुरते, दीड अंश उतरतं, तासाभराने मोजून गरज वाटली तर दुसरी. सुटा बर्फ टाकू नका, तो नळाच्या पाण्याचा असतो आणि कुठे किती विरघळला ते कळत नाही. चार बाटल्या फिरत्या ठेवा, दोन फ्रीझरमध्ये, दोन वापरात. तापमान सारखं वरखाली होणं हे थोड्या जास्त पण स्थिर तापमानापेक्षा त्रासाचं. दिवसभर २० वर स्थिर ठेवता येत असेल तर १६ च्या हट्टापायी १६-२३-१६ असा झोका देऊ नका.

वर्षानुवर्षं पाळायचा असेल तर चिलर घ्या. महाग आहे हे खरं. पण आपल्या एप्रिल-मेत बाटल्यांवर वर्षांमागून वर्षं काढणं प्राण्यावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुरशी

कल्ल्यांवर किंवा जखमेवर पांढरे, फुललेले, पाण्यात हलणारे कापसाचे गोळे असतील तर ती बहुधा सॅप्रोलेग्निया नावाची बुरशी. चपटे, राखाडी-पिवळट, अंगाला चिकटलेले आणि दिवसात पसरणारे डाग असतील तर ते कॉलमनॅरिस नावाच्या जिवाणूचं काम असू शकतं. त्याला बुरशीचं औषध लागू पडत नाही, उष्णता मात्र त्याला वेगाने पसरवते. पारदर्शक, पातळ कातडीचे तुकडे तरंगत असतील तर ती बहुधा अंगावरची बुळबुळ सुटलेली असते. एकदा दिसली तर काळजी नाही, रोज दिसली तर पाणी तपासा.

थोड्या बुरशीला टब, १६ अंश आणि देशी बदामाचं पान पुरतं. आपल्याकडे शाळा-देवळांच्या आवारात दिसतं तेच झाड, लाल होऊन गळणारी मोठी पानं. झाडावरचं हिरवं तोडू नका. गळून पूर्ण वाळलेलं, तपकिरी पान घ्या, रस्त्यालगतच्या धुळीतलं नको. धुऊन एका लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, पूर्ण गार करा आणि टबातलं पाणी फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं होईल एवढाच अर्क घाला. रोज पाणी बदलताना नव्याने. पानातल्या टॅनिनमुळे बुरशी वाढायला अडचण होते आणि कातडीला आराम पडतो. चहाची पावडर वापरायचा सल्लाही दिसतो, पण आपल्या घरच्या पावडरीत वेलची, आलं, मसाला असतो. बदामाचं पान हाताशी असताना तिकडे जायचं कारण नाही.

गोळे मोठे असतील तर मिठाची अंघोळ. दोन लिटर क्लोरीन काढलेलं पाणी, टबाच्याच तापमानाचं. लिटरला १० ते १२ ग्रॅम मीठ, म्हणजे दर लिटरला दोन सपाट छोटे चमचे, पण वजन करूनच घ्या. खडे मीठ आणि बारीक मीठ चमच्यात सारखं बसत नाही. मीठ पूर्ण विरघळल्यावरच त्याला त्यात सोडा. दहा मिनिटं, घड्याळ लावून, शेजारी बसून. जास्तीत जास्त पंधरा. त्यापुढे मीठ बुरशीबरोबर कल्लेही जाळतं. फारच उसळ्या मारायला लागला तर वेळ संपायची वाट बघू नका, बाहेर काढा. दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस. गोळे सैल होऊन आपोआप गळतात, चिमट्याने ओढू नका, त्याबरोबर कल्ल्याचं मांस येतं.

मीठ कुठलं? किराण्यातलं पुडीचं मीठ बहुतेक आयोडीनचं असतं, ते टाळा. सैंधव किंवा ॲक्वेरियमचं मीठ घ्या आणि पुडीवर आयोडीन लिहिलेलं नाही ना, ते वाचा. एप्सम सॉल्ट ही वेगळीच वस्तू आहे, नावात सॉल्ट आहे म्हणून बदली वापरू नका.

एवढ्याने चार दिवसांत उतार नाही पडला तर मिथिलिन ब्लू, बाटलीवर माशांसाठी लिहिलेल्या डोसाच्या निम्मं, फक्त टबात. मुख्य टँकमध्ये कधीच नाही. त्या काळात मीठ बंद. मॅलकाइट ग्रीन, तांब्याची औषधं, पोटॅशियम परमँगनेट, बेटाडिन आणि हळद यातलं काही नको. हळद लावायचा सल्ला प्रेमाने दिला जातो हे मान्य, पण पाण्यात तिचा गाळ कल्ल्यांत बसतो.

भाजलेला, चावलेला

अमोनियाने भाजलेल्याला औषध नसतंच. टब, गार पाणी, बदामाचं पान, अंधार. कल्ल्यांची झालर काही आठवड्यांत परत येते. टबातला अमोनिया रोज पाणी बदलण्याआधी मोजा. तिथेच ०.२५ च्या वर जात असेल तर टब लहान पडतोय किंवा खाणं जास्त होतंय.

जोडीदाराने पाय चावला तर घाबरू नका. पाय हाडासकट पुन्हा उगवतो, पिल्लांमध्ये महिना-दोन महिन्यांत, मोठ्यांत जास्त वेळ लागतो. जखमेवर बुरशी धरू न देणं एवढंच आपलं काम. तुटलेल्या जागी काहीही लावायचं नाही, बांधायचं नाही.

पोट आणि तरंगणं

ॲक्सोलॉटल तोंड उघडून पाणी आत ओढतो आणि भक्ष्याबरोबर समोरचे खडेही ओढतो. तोंडात मावेल असा कुठलाही खडा पोटात जाणार, हे धरूनच चाला. तळ उघडा ठेवा, नाहीतर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गुळगुळीत गोटे ठेवा. बांधकामाची एम-सँड तर मुळीच नको, ती फोडलेल्या दगडाची असते आणि तिच्या कडा धारदार असतात.

शी बंद, पोट एका बाजूला टणक, खाणं बंद, मागचा भाग वर तरंगतोय, ही अडकल्याची लक्षणं. पहिलं काम खाणं थांबवणं. दुसरं टब १५-१६ अंशांवर आणणं. बऱ्याचदा आठवड्याभरात खडा वरून किंवा खालून बाहेर पडतो. निरोगी मोठा प्राणी दोन आठवडे न खाता राहू शकतो, तेवढ्यात घाईने तोंड उघडून भरवायचा प्रयत्न करू नका. जबडा नाजूक असतो.

फ्रिजमध्ये ठेवण्याचा उपाय जुने पाळणारे सांगतात. ५ ते ८ अंशांना शरीराचं सगळं काम मंदावतं आणि वेळ मिळतो, हे खरं. पण घरचा फ्रिज बहुधा ४ च्या आसपास चालतो, दार उघडझाक होत राहतं आणि लाईट गेली की सगळं बिघडतं. ठेवायचाच असेल तर फ्रिज सगळ्यांत कमी गारव्यावर, आत थर्मामीटर, टब आधी दिवसभरात टप्प्याटप्प्याने गार केलेला, आणि बदलायचं पाणीही त्याच फ्रिजमध्ये आदल्या दिवशी ठेवलेलं. माझं मत विचाराल तर १५ अंशांच्या थर्मोकोल पेटीने होत असेल तिथवर फ्रिजच्या वाटेला जाऊ नका.

तरंगत असेल पण मनात आलं की खाली जाता येत असेल तर त्याने हवा गिळलीय, दिवसभरात जाते. खाली जाताच येत नसेल तर टबातलं पाणी कमी करा, चारही पाय तळाला टेकतील आणि पाठ बुडालेली राहील एवढंच ठेवा. धडपडून दमणं आणि पाठ उघडी पडून सुकणं, दोन्ही टळतं.

पोट मऊ, दोन्ही बाजूंनी पाण्याच्या फुग्यासारखं फुगलं असेल तर ते अडकणं नाही, आत पाणी साठतंय. मूत्रपिंड, यकृत किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. इथे घरचा उपाय संपला. चपट्या राखाडी डागांचं पसरणं, पाय आणि पोटावर रक्तासारखे लाल ठिपके, उलटा पडून सरळ न होणं, यांनाही डॉक्टरच.

डॉक्टर

आपल्या भागातले पशुवैद्य जनावरं आणि कुत्र्यांचे जाणकार. उभयचर बघणारे कमी. आधी फोन करून उभयचर किंवा कासवं बघता का, हे थेट विचारा, नसतील तर कोल्हापूर, गोवा, पुणे या दिशेला चौकशी करा. प्रवासाच्या आदल्या दिवशी खाणं बंद. दुहेरी पॉलिथिनच्या पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा, पिशवी थर्मोकोलच्या पेटीत, बर्फाची बाटली कापडात गुंडाळून पिशवीच्या बाहेर. निघायचं पहाटे. वही, फोटो आणि टबातल्या पाण्याची भरलेली बाटली बरोबर घ्या. दिलेली सगळी औषधं, मीठसुद्धा, सांगा.

कागदपत्रंही हवीत. ॲक्सोलॉटल सायटीसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या) परिशिष्ट दोनमध्ये आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. पाळणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. ज्याच्याकडून घेतला त्याची पावती जपून ठेवा.

खाणं आणि परत टँकमध्ये

बरा होत असताना पहिला घास गांडुळाचाच. शेतातलं नको, विशेषतः उसाच्या, तंबाखूच्या किंवा भाजीच्या फवारलेल्या रानातलं. गांडूळखताच्या बेडमधलं घ्या. त्यातली बारकी लालसर जात कडवट द्रव सोडते, म्हणून ॲक्सोलॉटल तोंडात घेऊन थुंकतो आणि आपल्याला वाटतं भूक नाही. काही सेकंद उकळत्या पाण्यात घालून लगेच गार पाण्यात धुतलं तर खातो. तुकडा त्याच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा लहान. प्लॅस्टिकच्या बोथट चिमट्याने, नाकासमोर हळू हलवत. अर्ध्या तासात न खाल्लेलं काढून टाका. मोठ्याला दोन-तीन दिवसांतून एकदा. मटण, चिकन नको. दुकानातले जिवंत छोटे मासेही नकोत, परजीवी तिथूनच येतात.

तो टबात असताना टँकचा फिल्टर उपाशी पडतो, हे विसरलं जातं. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहा म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळतो. नवा टँक असेल तर चक्र बसायला, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये पुरेसे व्हायला, चार ते आठ आठवडे लागतात, तोवर टबच बरा. अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य आले की परत सोडा.

पावसाळ्यात लाईट तासन्‌तास जाते. स्पंज फिल्टरला बॅटरीची ऑक्सिजन मोटर जोडून ठेवा. बंद डब्याचा फिल्टर बराच वेळ थांबला असेल तर लाईट आल्यावर तसाच सुरू करू नका, आतलं कुजलेलं पाणी आधी बाहेर ओता. आणि मोटर ज्या खोलीतली हवा ओढते त्या खोलीत मच्छरची कॉइल किंवा लिक्विडचं मशीन लावू नका. ती हवा थेट पाण्यात जाते.

टबातलं पाणी

आजारी ॲक्सोलॉटलचं पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा शेततळ्यात ओतू नका. हा प्राणी कायट्रिड बुरशी अंगावर बाळगू शकतो, आणि जगभर बेडकांच्या कित्येक जाती तिने संपवल्यात. खानापूरच्या जंगलात, भीमगडच्या बाजूला, पश्चिम घाटाशिवाय कुठेच न सापडणारे बेडूक आहेत. बादलीभर पाण्याला मोठा चमचाभर ब्लीचिंग पावडर घालून तासभर ठेवा, प्राण्यापासून लांब, उघड्यावर, आणि मग संडासात ओता. ओतण्याआधी टब, डबा, चिमटा याच पाण्यात बुडवा, नंतर भरपूर धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा, आणि पुन्हा वापरण्याआधी क्लोरीनचा वास उरला नाही ना, ते बघा.